लिंबाजींच्या टोपीवरचा आंबा

आंब्याचं रोप अजूनही लिंबाजींच्या टोपीवरच उगवलं होतं. त्याची खरी जागा लिंबाजींच्या फोटोच्या शेजारी. पण ऑफिसातल्या त्या जुनाट कॉम्प्युटरवर रोपवाटिकेची वेबसाइट उघडली, की आंबा टुणकन उडी मारून थेट मालकाच्या डोक्यावर.

"माझ्या मोबाइलवर बघा, बरोबर दिसतंय," वेबसाइट बनवणारी लुंबिनी म्हणाली. नांदेडहून शिरूर अनंतपाळला एसटीनं यायची तिची ही तिसरी खेप. "नवे ब्राउझर सगळे एकाच नियमानं चालतात, काका. पान कुठंही उघडा, सारखंच. तुमचा हा जुना मनाला येईल तसं मांडतो."

"मग त्याला समजाव."

"काढून नवा टाकू?"

"अजाबात न्हाई. बिलं ह्याच्यावरच निघतेत." लिंबाजींनी चष्मा कपाळावर सरकवला. "पोरी, तू दारात येऊन काम मागितलंस, म्हणून दिलं. आता येईल ते गिऱ्हाईक मला हसून राहिलंय. आज जमलं तर जमलं, न्हाई तर लातूरच्या माणसाला देतो."

विष्णुपुरीच्या कॉलेजातून बाहेर पडल्यावर मिळालेलं हे तिचं पहिलंच काम. तिनं खुर्ची पुढं ओढली.

लिंबाजींचा मुलगा आनंदराज चहा घेऊन आला. मागून त्याची आई सरजाबाई.

"साखर इसरलास बघ," सरजाबाई घोट घेऊन म्हणाल्या.

"तूच म्हणलीस ना, कमी घाल."

"कमी म्हणले. बंद कर न्हाई म्हणले."

तो हसला आणि डबा आणायला गेला.

"चहा रोज हेच करतात?" लुंबिनीनं स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं.

"माझे गुडघे लई दुखतेत. सैपाकबी करतंय पोरगं. भात तेवढा करपवतंय."

"मग?"

"मग काय, वरला वरला खातो."

लुंबिनी खुदकन हसली. लिंबाजी भडकले. "हसून काय राहिलीस? माझ्या टोपीवर बाग लागली हितं."

"बाबा, त्यांच्यावर कशाला डाफरता?" साखरेचा डबा घेऊन आलेला आनंदराज म्हणाला. "कॉम्प्युटर आपला जुना हाय. त्यांचं काय चुकलं?"

"तू गप बस."

"बसतो. पण चूक आपलीच."

लुंबिनीचे हात क्षणभर थांबले. मग तिनं वेबसाइटच्या कोडमधली एक ओळ पुसली. आंबा टोपीवरून उतरून गपगुमान शेजारी जाऊन उभा राहिला.

लिंबाजी स्क्रीनजवळ वाकले. "एवढ्यात झालं?"

"एक ओळ जास्तीची होती, काका. जुन्या ब्राउझरला पचत नव्हती."

"मग मागच्याच खेपेला का न्हाई काढलीस?"

"येते काका, बस चुकेल," म्हणत लुंबिनीनं बॅग उचलली.

स्टँडवर पोचताच तिनं घरी फोन लावला. "बाबा, मागच्या महिन्यात मामांनी शिरूर अनंतपाळच्या रोपवाटिकावाल्यांचं स्थळ सुचवलं होतं ना? त्यांना आता खुशाल आपलं नाव कळवा."

"बरं. मग मुलगी बघायला कधी या म्हणू?"

"कधीही येऊ द्या. मुलगा मी तीनदा बघितलाय."