हात देणारं यंत्र

विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या ईशानीने शहाण्णव साली ब्रह्मा घाटाजवळच्या वृद्धाश्रमात स्वतः बनवलेलं यंत्र आणलं. ते खाटेपाशी जाऊन लोखंडी हात पुढे करायचं. त्यावर कुणी भार टाकला की हात खाली दबायचा आणि यंत्र त्या माणसाच्या चालीने चालू लागायचं.

कित्येक महिने अंथरुणाला खिळलेल्या शरदिनीकाकू तो हात धरून गंगेकडच्या खिडकीपर्यंत गेल्या आणि तिथल्या खुर्चीत बसल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"अगं, नावा दिसतायत मला," काकू म्हणाल्या. "आता रोज आणशील ना इथे?"

"मी कशाला, हे यंत्रच आणेल रोज." ईशानी आनंदाने म्हणाली.

तेवढ्यात यंत्र आपणहून वळलं, कोपऱ्यातल्या रिकाम्या खाटेपाशी थांबलं आणि त्याने हात पुढे केला.

"तिथे कुणी नाही रे बाबा," म्हणत ईशानी हसत ते बंद करायला निघाली.

लोखंडी हात खाली दबला.

यंत्र निघालं. सावकाश, धाप लागलेल्या माणसासारखं मध्येच थांबत ते खिडकीकडे येऊ लागलं. टाळ्या थांबल्या.

ते जवळ आलं, तशी शरदिनीकाकूंनी वाट द्यायला पाय आत घेतले.