घोटभर काढा

मावशीने काढ्याचा पेला भाच्याच्या हातात दिला आणि खोलीत जमलेल्या बायकांकडे पाहिलं.

"घे बाबा. सत्काराचं भाषण करून घसा बसलाय तुझा. आणि पी तो या सगळ्यांच्या देखत."

भाच्याच्या कादंबरीला मोठं बक्षीस मिळालं होतं. एका लहानशा गावात माणसं एकामागून एक मरतात, आणि अखेरीस कळतं, की खोकल्यावर काढा देणारी गोडबोली म्हातारीच त्यात विष कालवते. गावाने पुस्तक वाचलं. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांनी ऐकलं. विषाची परीक्षा कोण पाहणार? काढ्यासाठी मावशीच्या दाराशी वाटी घेऊन येणं बंद झालं.

"अगं, ती नुसती कल्पना आहे," भाचा म्हणाला. "मी सांगितलंय सगळ्यांना."

"सांगण्याने खोकला जात नाही. पिऊन दाखव. मग हिच्या पोराला देते."

शेजारीण दारातच उभी होती. कडेवरच्या पोराची छाती जात्यासारखी घरघरत होती.

"आठवडा झाला, भिंतीपलीकडून ऐकतेय मी," मावशी म्हणाली. "माझ्या हाताशी औषध, आणि मी आपली उशीत कान खुपसून पडते."

भाचा हसला. त्याने पेला ओठांपर्यंत नेला. तिथेच तो थांबला.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "आधी तूच घे ना घोटभर. म्हणजे यांचीही खात्री पटेल."

मावशी त्याच्याकडे बघत राहिली. आईवेगळ्या भाच्याच्या ज्या तोंडात तिने घास भरवले होते, ते तोंड आता घट्ट मिटलेलं होतं. तिने पेला घेतला, अर्धा प्यायला, कड बोटाने पुसली आणि पुन्हा पुढे केला.

"पुस्तकातली म्हातारीही आधी स्वतःच पिते," मास्तरांची बायको म्हणाली. फार हळू नाही.

कोणी हसलं नाही. शेजारणीने पोराचं तोंड खांद्याशी दाबलं आणि ती पायरी उतरून गेली. तिच्यामागून बाकीच्याही उठल्या.

भाच्याने पेला खिडकीत ठेवला. "निवला की घेतो," तो म्हणाला.

मावशी भिंतीला टेकून खाली बसली.

"मला काही वाचता येत नाही रे," ती म्हणाली. "शेवटी त्या म्हातारीचं काय करतात, तेवढं सांगून जा."