नाणेफेक

आंतरविद्यापीठ खो-खोचा अंतिम सामना चारला होता. साडेपाच झाले तरी व्यासपीठावरचे सत्कार संपेनात. गुडघा गेल्यावर खेळ सोडून क्रीडा व्यवस्थापन शिकणारी केतकी शिट्टी घेऊन मैदानाच्या कडेला उभी होती. सगळं आयोजन तिच्याच गळ्यात होतं.

विभागप्रमुख आले. "पाहुणे निघालेत. करंडक त्यांच्याच हातून जायला हवा. सामना राहू दे, नाणं उडवून विजेता ठरव."

"सर, मुली सकाळपासून..."

"तुझे प्रात्यक्षिकाचे गुण मलाच द्यायचेत ना?"

तिनं दोन्ही कर्णधारांना बोलावलं. खरं सांगायला जीभ रेटेना. नाणं उडवलं.

जिंकलेली म्हणाली, "आम्ही पाठलाग घेतो."

हरलेली आपल्या संघाकडे वळली. "चला गं, आपल्याला आधी पळायचंय."

पहिल्या तिघी कपाळाला माती लावून मैदानात उतरल्या. केतकीनं शिट्टी तोंडाला लावली, त्यांना परत बोलवायला.