ताबा

"चूल विझव आन् बस गाडीत," पंडित म्हणाला.

जानकीबाईने चुलीत आणखी एक गोवरी सारली.

दारात बैल जुंपलेले होते. आष्टीहून तो बायकोला न्यायला दुसऱ्यांदा आला होता. पौषात आला तेव्हा तिने त्याला रिकाम्या गाडीने परत पाठवले होते. आता माघ अर्धा सरला होता आणि ती अजून चकलांब्यातच होती, आईच्या विकलेल्या घरात.

"धूर थांबला की रखवाली उठती," ती म्हणाली. "तुमाला काय म्हाईत न्हाई का?"

त्याला माहीत होते. गावाची राखण सटवाकडे होती. सुगीला तो प्रत्येक घरातून ज्वारी नेई. त्या बदल्यात एखादे घर फुटले तर गेलेल्या वस्तूची भरपाई स्वतः करी. अट एकच होती. घरातून रोज संध्याकाळी धूर निघाला पाहिजे. ज्या घराची चूल एक सांज थंड राहिली, त्या घराचे पुढे काहीही झाले तरी सटवा बांधील नसे. ओस पडलेल्या घरांची दारे चौकटीसकट नाहीशी झालेली गावाने पाहिली होती.

आई कार्तिकात गेली. जानकीबाई तिची एकुलती. तेराव्याला आलेल्या बायका गळ्यात पडून रडल्या, पण तिने डोळ्याला पदर लावला नाही. भांडी वाटली, गाय दिली, घराला गिऱ्हाईक पाहिले. मेंढरांमागे हिंडून थकलेल्या उत्तरेश्वराला आता एका जागी राहायचे होते. त्याची बायको भिवराबाई पोटुशी होती. गेवराईच्या कचेरीत निजाम सरकारच्या शिक्क्याच्या कागदावर अंगठे उठले. तेव्हा पौष तोंडावर आला होता, आणि पौषात नव्या घरात कोणी पाऊल टाकत नाही.

"यवढा म्हैना जाऊ द्या, मग ताबा घेतो," उत्तरेश्वर म्हणाला.

"तवर धूर माझा," जानकीबाईने तिथल्या तिथे सांगितले. "दार गेलं, तुळई गेली, तर तुमी मलाच इचारणार."

पौष गेला. उत्तरेश्वर आला नाही.

ती रोज चूल पेटवत राहिली. सांजेच्या फेरीला सटवा धाब्यावरच्या धुराकडे मान वर करून बघे, उंबऱ्यावर काठी टेकवी आणि पुढे जाई. उरलेले अन्न ती सकाळी दारातल्या कुत्र्याला घाली. कुत्रे अंगाने चांगलेच भरले होते.

"मांजरसुदिक यवढं घर धरून बसत न्हाई," पंडित म्हणाला. "तिकडं पोरं 'आई कवा येती' म्हणून माझं डोकं खात्यात. आन् तू हितं दुसऱ्याच्या दाराला राखण बसलीयस."

"मला काय हौस हाय? त्याला ताबा घ्यायला लावा. ह्या पावली गाडीत बसते."

"हाय कुठं त्यो?"

"वढ्याच्या पल्याड पाल ठोकलंय म्हणं."

पंडित बघतच राहिला. ओढा हाकेच्या अंतरावर होता. "मंग चल की. इचारू त्याला, घर काय शोभेला घेतलंय का?"

वाटेत जानकीबाईचा राग चढत गेला. पालापाशी मात्र तिचे पाय जरा थबकले. उत्तरेश्वर मेंढरे घेऊन रानात गेला होता. भिवराबाई घोंगडीच्या आडोशाला बसली होती. तिच्या मांडीवर पौषात जन्मलेले तान्हे होते. बोचऱ्या वाऱ्याने पालाची किनार फडफडत होती.

"लेकराला घेऊन थंडीत काय बसलात, बाई?" जानकीबाई म्हणाली. "तुमचं घर हाय न्हवं? चोरानं दार उचकटून न्हेलं तर बोल मलाच लागंल. माझ्या धुरावर कुठवर चालवायची रखवाली?"

भिवराबाईने लेकरावर पदर ओढला. ती ओशाळली होती.

"रखवाली आमच्याच अंगावर हाय, जानकीबाई. खरेदी झाली त्याच दिशी ह्येंनी सटवादादाला मेंढरू दिलं. धूर निघू, न निघू, त्यो राखतोय."

"मंग त्यो रोज उंबऱ्याला काठी कशाला टेकतो?"

"तुमी आत हायसा म्हणून."

पंडितने बायकोकडे पाहिले. ती पालाच्या खुंटाकडे बघत होती.

"आन् ताबा?" जानकीबाईचा आवाज खाली आला. "त्यो कावून न्हाई घेतला?"

"आलते की. माघ लागला त्याच सांजंला आलते, पूजंचं ताट घिऊन. दार उघडंच व्हतं. तुमी मऊ कण्या ताटलीत वाढल्या आन् आतल्या खोलीकडं बघून आईला हाका मारत व्हता."

पंडितच्या हातातला आसूड खाली आला.

"दुसऱ्या दिशीबी तसंच. तिसऱ्या दिशीबी." भिवराबाई लेकराला थोपटत राहिली. "मग मीच ह्येंनला म्हनलं, घाई नगं. म्हातारीचं जेवण हू द्या. मग शिरू."