शेवटच्या फेरीतली जागा

शिंपीकाकांनी अकरा मिनिटं घेऊन शर्टाचं एक बटण लावलं. अर्धांगवायूने लुळ्या पडलेल्या उजव्या हाताने. खोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका रडायला लागले, तशी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसलेली धाकटी म्हणाली, "रडताय काय, काका? अजून चार बटणं राहिलीत!"

दारात फाइल घेऊन उभ्या असलेल्या ताईने टाळ्या वाजवल्या नाहीत.

दोघी सख्ख्या बहिणी. पदवी एकच, आरोग्यविज्ञानाची. कॉलेजही एकच, ताई एक वर्ष पुढे. मेडिकल चार गुणांनी हुकलं तेव्हा 'पदरी पडलं आणि पवित्र झालं' म्हणत ताईने ही पदवी धरली. पवित्र काही झालं नाही. रडतखडत ती संपवली आणि याच रुग्णालयाच्या नोंदणी विभागात चिकटली. धाकटी त्याच पदवीवर पुढे शिकली आणि आता लुळे हात कामाला लावते. एकाच विहिरीचं पाणी, पण हिच्या वाट्याला गोड आणि आपल्या वाट्याला मचूळ. ताईच्या पोटात रोज दुखायचं.

तेवढ्यात फेरीवर आलेल्या मोठ्या डॉक्टरांनी धाकटीची पाठ थोपटली. "पोरी, तू मेडिकलला का नाही गेलीस? तिथेही नाव काढलं असतंस."

धाकटी नुसती हसली. ताईने फाइल उघडून उगाच पानं चाळली.

कारण उत्तर तिला ठाऊक होतं. आठ वर्षांपूर्वी एका सकाळी घरचा फोन वाजला. धाकटी आंघोळीला गेली होती. मेडिकल कॉलेजातून विचारत होते: प्रवेशाच्या शेवटच्या फेरीत एक जागा रिकामी झाली आहे, धाकटीला हवी आहे का? "ती नाही येणार," ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवून दिला. बस्स, एवढंच. तीन शब्द आठ वर्षं घशात काट्यासारखे रुतून बसले होते. आणि जिचं नुकसान केलं तिचाच हेवा काही केल्या संपत नव्हता.

आज मात्र राहवेना. जिन्यात तिने धाकटीला गाठलं.

"तुझा फोन आला होता. मेडिकलचा. मी परस्पर 'नाही' म्हणून सांगून टाकलं."

"माहीत आहे की."

"कसं काय?" ताईने विचारलं.

"दुपारी त्यांचा परत आला, तो मी घेतला. म्हणाले, 'सकाळी तुमच्या बहिणीने नकार दिलाय, तो पक्का ना?' म्हटलं, एकदम पक्का." धाकटी हसायला लागली. "अगं, मला हेच शिकायचं होतं. तुझी पहिल्या वर्षाची पुस्तकं तू उघडलीही नव्हतीस. मी चोरून वाचून काढली होती. पण बाबांना सांगायची काय टाप होती? जागा मिळतेय हे त्यांना कळलं असतं, तर हाताला धरून नेऊन बसवलं असतं मला."

"अगं, पण मी ते..." ताई सांगू लागली.

धाकटीने तिचा हात हातात घेतला.

"आठ वर्षं विचारीन विचारीन म्हणतेय. मी तर कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता. माझ्या मनातलं तुला कसं गं कळलं, ताई?"