ग्रेसचं पुस्तक

पुस्तकाच्या पानांचे खालचे उजवे कोपरे झिजून गोल झाले होते. ओलं बोट लावून पान उलटतात ती जागा काळी पडली होती. मंजुश्रीबाईंनी पुस्तक उघडलं नाही. नुसता कडेवरून अंगठा फिरवला.

लोणारच्या वाचनालयात फाटकी पुस्तकं रद्द करण्याचं काम चाललं होतं. ग्रंथपाल धम्मरत्न शिक्का घेऊन बसला होता. काय ठेवायचं, काय काढायचं, हे अध्यक्ष म्हणून बाई ठरवत.

"म्याडम, याचं काय करू? मागल्या साली बी तुम्ही बाजूलेच ठेवलं होतं."

बाई शिकवत त्याच शाळेत ग्रेसही शिकवायची. ख्रिस्ती, प्रार्थना न चुकवणारी. सरोवराच्या तळाशी एक काळवीट राजा राहतो, कळपासाठी मरतो आणि परत येतो, अशी गोष्ट तिने या पुस्तकात लिहिली. ग्रेस वारली, पण गोष्ट काही गावातून जाईना. त्याच सरोवरावर बाईंनीही पुस्तिका लिहिली होती. उल्का, खारं पाणी, सगळं तपासून. ती कपाटात कोरी करकरीत होती. सहलीला पोरं बाईंकडे पाठ करून पाण्यात शिंगं शोधत.

ग्रेसने स्वतःच्या हाताने दिलेली प्रतही बाईंनी कधी उघडली नव्हती.

तेवढ्यात नाजिश आली. बाईंची लाडकी विद्यार्थिनी, भूगर्भशास्त्र शिकायला नागपूरला निघालेली. ही तरी माझी, असं बाई मनाशी म्हणत.

"हे रद्द? नका ना करू म्याडम! याच्यामुळंच तर मी दगडाच्या नादी लागली."

हीसुद्धा ग्रेसचीच, बाईंना वाटलं.

"राजा शोधायला का?"

"नाही हो. मले गोष्टीतल्या त्या काठीवालीसारखं व्हायचं होतं. सगळे राजाले हाका मारून राह्यले, अन् ती एकटी काठी बुडवून पाणी मोजून राह्यली. राजा आहे यावर तिचा भरवसा नाही, पण रोज येते. अन् राजा वर येतो तो तिच्याच काठीपाशी." नाजिश हसली. "तुम्हीच ना त्या! अख्ख्या लोणारले माहीत आहे. तुम्हाले नाही?"

बाईंनी पुस्तक स्वतःकडे ओढलं.

धम्मरत्नने शिक्का उचलला. "मग म्याडम, मारू का?"

"नको," बाई म्हणाल्या. "माझ्या नावावर मांड. वाचायला नेते."