उलटे वेढे

एकशे बाराव्या तारेवर मीटर वाजला नाही. जेफ्रीने दोन्ही टोकं पुन्हा टेकवली. नाहीच.

"थांब जरा," तो म्हणाला. टेबलापलीकडे त्याचा मित्र डेरेक डाव्या हाताने चहात बिस्किट बुडवत होता. दर रविवारसारखाच.

पत्र्याच्या पेटीतला हा संगणक जेफ्रीने एक्याऐंशी साली स्वतःच्या हाताने बांधला होता. दिवे लागायचे, डिस्क फिरायची, पण ऑपरेटिंग सिस्टीम कधी चालू झाली नाही. घरी संगणक बांधणाऱ्या हौशींच्या क्लबने सिस्टीमची डिस्क एकच मागवली होती, ती आली क्लबच्या प्रदर्शनाच्या सकाळी. तिच्यावर डेरेकचं यंत्र चाललं, जेफ्रीचं नाही. लीड्सच्या संगणक कंपनीचा माणूस डेरेकला नोकरीवर घेऊन गेला. आपलं डोकं यातलं नाही असं ठरवून जेफ्रीने हॅलिफॅक्समध्ये बत्तीस वर्षं बस चालवली. पेटी मात्र टाकून दिली नाही. एकदा तरी ते चाललेलं त्याला बघायचं होतं.

तपासून झालेल्या तारेवर जोडणीच्या नकाशात पिवळ्या पेन्सिलीची रेघ मारायची आणि तिच्याकडे पुन्हा बघायचं नाही, ही क्लबची शिस्त. म्हणून आजवर तो स्वतःच्या आखणीतच चूक शोधत आला. यंदा नकाशा उघडला तर पिवळा रंग पार उडालेला. सगळ्या तारा पहिल्यापासून तपासाव्या लागल्या.

"ही आठव्या पिनेवर हवी. नववीवर आहे."

"घाईत झालं असेल," डेरेक म्हणाला. "बस चालवणाऱ्याचे हात तुझे, लेका."

जेफ्रीने भिंग धरलं. या बोर्डावर डाख नव्हता; प्रत्येक तार पिनेभोवती सात वेढे देऊन घट्ट केलेली. सगळे वेढे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. या एका टोकाचे उलटे, डावखुरा माणूस देतो तसे. क्लबात डावखुरा एकच होता. 'याने दुरुस्त केलेली घड्याळं मागे चालतील,' असं म्हणत सगळे त्याला चिडवायचे.

"प्रदर्शनाला दोन्ही यंत्रं तुझ्या व्हॅनमधून गेली होती," जेफ्री म्हणाला.

डेरेकने कप खाली ठेवला. भिंग त्याने मागितलं नाही.

"लीड्सवाल्यांना एकच माणूस हवा होता, जेफ. आणि तुझी आखणी माझ्याहून चांगली होती."

"हे तू कधी बोलला नाहीस."

"नाही."

"मागच्या रविवारी तू मला मेमरी तपासायला लावलीस."

"हो."

जेफ्रीने तार सोडवली, आठव्या पिनेवर गुंडाळली आणि बटण दाबलं. डिस्क कुरकुरली, थांबली, पुन्हा कुरकुरली. काळ्या पडद्यावर कोपऱ्यात हिरवं 'ए' उमटलं, त्याच्यापुढे एक बाण. हुकमाची वाट बघणारा.

ॲप्रनला हात पुसत जेफ्रीची बायको मॉरीन दारात आली. "काय सांगता? चाललं?" ती आत आली आणि तिने डेरेकच्या खांद्यावर हात ठेवला. "बघ जेफ, मी म्हणत होते ना, डेरेकच्या डोक्याशिवाय हे व्हायचं नाही. इतकी वर्षं याच्यामागे आपले रविवार घालवले बिचाऱ्याने. डेरेक, आज जेवूनच जा. भाजलेलं मटण आहे."



"सांग तिला," जेफ्री पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

"काय सांगायचंय?" मॉरीनने विचारलं.

डेरेकने एकदा जेफ्रीच्या पाठीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"जेवूनच जाईन," तो म्हणाला.